आडवी असताना दिवा लागतो

मी एक जुनी डोलकाठी आहे आणि सध्या मी भयंकर रागात आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळव्या होतात, जुने दिवस आठवतात, सुस्कारा सोडतात आणि शेवटी ‘असो’ म्हणतात. मी ‘असो’ म्हणणार नाही. माझ्या शेंड्यापाशी आजही एक पोचा आहे. एका बाईच्या मनगटात आजही थंडीत कळ येते. आणि ज्यांच्यामुळे हे झालं ते गृहस्थ आजही लोकांच्या घरी जाऊन, बाह्या वर सारून, ‘आणा इकडे, जमेल की!’ म्हणतात. मग असो कशाला?

डोलकाठी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल. होडीच्या मधोमध जो उंच खांब असतो, ज्याला शीड बांधतात, ती मी. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेला धातू साच्यातून दाबला आणि मी टूथपेस्टसारखी सरळ बाहेर आले, लांब, चकचकीत आणि आतून पोकळ. पोकळ म्हणून हसू नका. माझ्या पोटात जे आहे त्यावर माणसांचे जीव टांगलेले असतात. माणसांच्या पोटात काय असतं ते मी पुढे सांगणारच आहे.

मोठ्या होड्या कायम पाण्यात असतात. त्यांच्या डोलकाठ्या एकदा उभ्या राहिल्या की राहिल्या. आमची होडी लहान. ती ट्रेलरवर बसून मोटारीच्या मागून रस्त्याने पाण्यापर्यंत येते. रस्त्यावर विजेच्या तारा असतात, पूल असतात, झाडं असतात. म्हणून प्रवासात मला आडवी निजवतात, धक्क्यावर पोचलं की उभी करतात, परतताना पुन्हा आडवी. माझं सगळं आयुष्य असं उठण्यात आणि निजण्यात गेलं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण सगळं भांडण ह्याच उठण्यानिजण्यावरून आहे.

माझ्या पोटातून दोन वायरी जातात. एक शेंड्यावरच्या दिव्याची. अंधारात किंवा धुक्यात दुसऱ्या बोटींना आम्ही दिसतो ते त्या दिव्यामुळे. दुसरी वायर रेडिओच्या अँटेनाची. दिव्यामुळे आपण दिसतो आणि अँटेनामुळे आपलं बोलणं दूर जातं. दोन्ही वायरी माझ्या पायाशी एका प्लगात येतात. मला आडवी करायच्या आधी तो प्लग काढायचा असतो, नाहीतर वायर तुटते. इतकं साधं आहे. पण साधी गोष्टच माणसांना जड जाते, हे मी ज्या उंचीवरून बघते तिथून फार स्वच्छ दिसतं.

माझ्या पहिल्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या. मोठ्या कडक बाई. हसताना कोणी पाहिलं नाही, पण वायरी त्यांनी अशा घातल्या की बघत राहावं. त्यांना एक गोष्ट कळली होती. काठी निजलेली असते तेव्हा वायरही पोटात निवांत पसरलेली असते. काठी उभी राहिली की तीच सगळी वायर शेंड्याला लटकते आणि आपल्याच वजनाने खाली ओढत राहते. म्हणून त्यांनी दोन्ही वायरींच्या सोबतीला एक मजबूत दोरी बांधली आणि दोरीचा फास शेंड्यातल्या खिळ्याला अडकवला. वजन दोरीने घ्यायचं, वायरीने फक्त आपलं काम करायचं. मग मला उभी करून, पडवीच्या सावलीत जाऊन, वर मान करून त्यांनी दिवा पाहिला. रेडिओवर बंदरातल्या माणसाला विचारलं, “ऐकू येतंय का?” आणि उत्तर येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. तो माणूस चहाला गेला होता. बाई तशाच उभ्या.

पुढे त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी होडी विकली. नव्या मालकांना त्या म्हणाल्या, “दोनच गोष्टी सांगते. दिवा बघायचा तो काठी उभी करून. आणि रेडिओवर नुसतं ऐकायचं नाही, आपण विचारायचं आणि उत्तर आलं की मगच निघायचं.”

नवे मालक मान डोलावत म्हणाले, “अगदी, अगदी.”

ते ‘अगदी, अगदी’ म्हणणारे गृहस्थ चष्मेवाले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानामागच्या अंगणात आमचा ट्रेलर असायचा. माणूस वाईट नव्हता. दुकानात तर फारच काटेकोर. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, समोरच्या पाटीवरची शेवटची बारीक ओळ वाचून दाखवल्याशिवाय ते चष्मा हातात देत नसत. “दिसतंय म्हणू नका, वाचून दाखवा,” असं म्हणत. खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. मला वाटलं, बरं झालं, योग्य माणसाच्या हातात पडले.

मित्रांनो, माणसांविषयी मत बनवण्यात एवढी घाई कधी करू नका.

चष्मेवाल्यांना एक बहीण होती. तिला सगळे ताई म्हणत, चष्मेवाल्यांची लेकसुद्धा तिला आत्या न म्हणता ताईच म्हणायची. त्या लेकीचं घरातलं नाव बारकी. बारकी मोठी झाली होती, नोकरी करत होती, पण नाव काही वाढलं नव्हतं. होडीवर खरं प्रेम ह्या दोघींचं. सुट्टी आली की दोघी मला उभी करायच्या आणि पाण्यावर निघून जायच्या.

आणि ताईंचे यजमान, म्हणजे चष्मेवाल्यांचे भावजी. त्यांचं पंख्यांचं दुकान होतं. पंखे विकणाऱ्या माणसाला वीज कळतेच, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. भावजींनीही तसंच धरलं होतं. कुणाची इस्त्री बिघडो, मिक्सर अडो, घंटा वाजेनाशी होवो, भावजी हजर. “आणा इकडे, जमेल की!” मग काळ्या टेपचं रीळ निघायचं. भावजींचा काळ्या टेपवर जेवढा विश्वास होता तेवढा कुणाचा सख्ख्या भावावर नसतो. दुरुस्त केलेली इस्त्री आठवड्यात पुन्हा बंद पडे आणि घरातली माणसं ती गुपचूप बाहेरच्या मिस्त्रीकडे नेत. भावजींना मात्र कोणी सांगत नसे. मुलगी दिलेल्या घरचा माणूस, त्याला कसं दुखवायचं? असं होत होत भावजींच्या नावावर यशच यश जमा झालं. खर्चाची बाजू कोणी त्यांना दाखवलीच नाही. त्यांची चूक मी मानते, पण पहिली रक्कम मी ह्या न सांगणाऱ्यांच्या नावावर टाकते.

एके दिवशी धक्क्यावर परत आल्यावर मला आडवी करायची होती. बारकी गाडी आणायला गेली होती आणि ताई शीड घडी करत होत्या. भावजी त्या दिवशी सोबत आले होते. ते चष्मेवाल्यांना नव्या पंख्याची पाती कशी आवाज करत नाहीत ते सांगत होते, आणि सांगता सांगताच त्यांनी मला उभी धरणाऱ्या तारेचा खिळा काढला.

“भावजी, तो प्लग...” चष्मेवाले म्हणाले.

“अहो, सोडा हो, जमेल की!”

मी खाली आले. प्लग तसाच लागलेला होता. माझ्या पोटात कडकन आवाज झाला. बाईंची दोरी तुटली आणि शेंड्यापासून हातभर खाली दोन्ही वायरी तुटल्या. शेंड्यावरचं झाकण निखळून लोंबायला लागलं. चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. भावजींचा नाही.

“घाबरता काय? वायरच तुटली ना? उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशी अंगणात सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर मला आडवी ठेवली आणि भावजींनी माझं ऑपरेशन केलं. ते मी जिवंतपणी पाहिलं आहे. दिव्याच्या वायरीची टोकं दाताने सोलली, बोटांनी पिळली, टेप गुंडाळली. अँटेनाची वायर तशी नसते. तिच्या मध्ये एक तांब्याची तार, तिच्यावर पांढरं प्लॅस्टिक, त्यावर बारीक तारांची जाळी आणि सर्वांत वर काळी साल असते. जाळीला जाळी जुळली आणि तारेला तार, तरच बोलणं बाहेर पडतं. भावजींनी जाळी कातरून जमिनीवर टाकली. “हा कचरा कशाला ठेवतात देव जाणे,” असं म्हणून मधली तार पिळली, टेप गुंडाळली, वर पुन्हा टेप, त्यावर आणखी टेप. शेवटी तो जोड एखाद्या सुजलेल्या अंगठ्यासारखा दिसायला लागला. मग सगळं पोटात ढकलून दिलं.

“काका, ती दोरी होती ना, वजन घेणारी?” बारकीने विचारलं.

“आतच तर आहे वायर. कुठं पळून जाणार आहे?”

बटण दाबलं. दिवा लागला. सगळ्यांनी “वा!” म्हटलं. रेडिओ लावला. बंदराच्या बातम्या खणखणीत ऐकू आल्या. पुन्हा “वा!”. जवळचं दणदणीत स्टेशन मोडक्या वायरीतूनही ऐकू येतं, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. ऐकू येतंय म्हणजे आपलं बोलणंही जात असणार, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि चहा ठेवला गेला.

भावजी घरी गेल्यावर बारकी कात्री घेऊन माझ्याजवळ आली. “बाबा, मी एकदा उघडून बघते. मला काही बरं वाटत नाहीये ते.”

चष्मेवाले चष्मा पुसत होते. मन अस्वस्थ झालं की ते चष्मा पुसतात. म्हणाले, “मलाही... पण राहू दे. दिवा लागलाय ना?”

“आडवी असताना लागलाय. त्या डॉक्टरबाईंनी काय सांगितलं होतं?”

“अगं, उद्या ते आले आणि टेप बदललेली दिसली तर? मानी माणूस आहे. वाईट वाटेल त्यांना. ताईला ऐकून घ्यावं लागेल.”

बारकीने कात्री ठेवून दिली. चष्मेवाले आत जाऊन गिऱ्हाइकाला म्हणाले, “दिसतंय म्हणू नका, वाचून दाखवा.”

मला बोलता आलं असतं ना, मित्रांनो, तर त्या अंगणाच्या भिंती पडल्या असत्या.

मग ती संध्याकाळ आली. ताई आणि बारकी दोघीच गेल्या होत्या. जाताना मला उभं केलं तेव्हा लख्ख ऊन होतं, दिवा लागला तरी दिसायचा नाही, म्हणून कोणी पाहिला नाही. रेडिओ लावला, बातम्या आल्या, बंद केला. पण माझ्या पोटात काय चाललं होतं ते मला कळत होतं. मी उभी राहिले आणि सगळी वायर त्या सुजलेल्या अंगठ्याला लटकली. काळी टेप रबरासारखी ताणली गेली. आतली पिळलेली टोकं हळूहळू सरकली आणि एकमेकांपासून सुटली. बाहेरून काही नाही. बाहेरून मी नेहमीसारखी रुबाबदार.

परतीला वारा पडला. छोटं इंजिन लावून दोघी हळूहळू खाडीच्या तोंडाशी येत होत्या. सूर्य बुडाला आणि पाण्यावरून धुकं उठलं. ताईंनी बटण दाबलं. बटणाजवळचा लाल ठिपका लागला. तो ठिपका फक्त बटण चालू असल्याचं सांगतो, वर दिवा लागल्याचं नाही. शीड वर होतं, त्यामुळे होडीत बसलेल्यांना माझा शेंडा दिसत नव्हता. दोघी निश्चिंत. आपण दिसतोय अशा समजुतीत दोघी शेंगदाणे खात बसल्या होत्या.

रेडिओ बोलायला लागला. खडी वाहून नेणारा एक मोठा बार्ज आतून बाहेर निघाला होता. त्याच्या सारंगाचा, म्हणजे तो चालवणाऱ्याचा, आवाज स्पष्ट आला. “खाडीच्या तोंडाशी कोणी आहे का? मला धुक्यात पुढचं नीट दिसत नाहीये.”

बारकीने रेडिओ उचलला. “आम्ही आहोत. शिडाची छोटी होडी. वर दिवा लावलाय. दिसतोय ना?”

उत्तर नाही.

“खाडीच्या तोंडाशी कोणी आहे का?” पुन्हा तोच आवाज.

“अहो, आहोत, आहोत! तुमच्या समोरच असू आम्ही!”

“कोणी बोलत नाही,” सारंग आपल्या माणसाला सांगत होता, बटण दाबलेलंच होतं म्हणून आम्हालाही ऐकू आलं. “दिवाही नाही. पुढं कोणी नाही. चल, वाढव जरा.”

मित्रांनो, आपण आहोत, ओरडून सांगतो आहोत, आणि समोरचा शांतपणे म्हणतो की पुढं कोणी नाही. मी अनेक वादळं पाहिली आहेत. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. आणि एवढा रागही नाही.

धुक्यातून इंजिनाचा धडधडाट जवळ यायला लागला. ताईंनी एकदम शीड बाजूला सारलं आणि वर पाहिलं. माझा शेंडा काळा. त्यांच्या तोंडून एक शब्द गेला, तो मी इथे लिहीत नाही, पण तो त्यांनी आपल्या यजमानांना उद्देशून उच्चारला होता.

“बारके, टॉर्च! शिडावर मार, शिडावर!”

“त्यांच्याकडे नको?”

“शिडावर! ठिपका नाही दिसायचा, पांढरं शीड दिसेल!”

बारकीने शिडावर उजेड टाकला. माझ्या अंगावरचं सगळं शीड धुक्यात कंदिलासारखं पेटलं. त्याच क्षणी बार्जचं काळं तोंड धुक्यातून बाहेर आलं, घराएवढं. भोंगा वाजला. सारंगाने वळवलं. ताईंनी सुकाणू पूर्ण फिरवलं. बार्ज इतक्या जवळून गेला की त्याच्या कडेला बांधलेल्या टायरांनी माझा शेंडा चेपला, तोच हा पोचा. मागून आलेल्या लाटेने होडी कलंडली, शिडाची खालची आडवी काठी सपकन फिरली आणि ताईंनी डोकं वाचवायला हात मध्ये घातला. मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. भिजलेल्या काडीसारखा, बारीक.

धक्क्यावर चष्मेवाले आणि भावजी वाट बघत होते. बारकीने रडत रडत सगळं सांगितलं. चष्मेवाले चष्मा पुसायला लागले. भावजी आधी घाबरले, बायकोचा हात पाहून डोळ्यांत पाणीही आलं. ते खरं पाणी होतं, हे मी लिहून ठेवते, कारण माझा हिशेब चोख असतो. पण पाणी पुसून झाल्यावर ते म्हणाले, “दिवा तर लागत होता. मी स्वतः पाहिलाय, सगळ्यांनी पाहिलाय. काठीच जुनी झालीये. आतून सडली असणार. आता टाकूनच द्या ती. मी नवी आणून देतो ओळखीच्याकडून.”

झालं. वायर त्यांनी तोडली, जोड त्यांनी केला, जाळी त्यांनी कापली, आणि सडली कोण? मी!

दोनचार दिवसांतच अंगणात भंगारवाला आला. हातात करवत. मला तशी लांब नेता येईना म्हणून तिथेच तुकडे करून न्यायचं ठरलं होतं. मी पुन्हा त्याच दोन घोड्यांवर आडवी. चष्मेवाले, भावजी, बारकी. आणि हाताला प्लॅस्टर घालून ताई.

“लवकर ठरवा हां,” भंगारवाला म्हणाला, “पुढं एका घरचा फ्रिज उचलायचाय. बाईसाहेब माहेरी जाण्याआधी उचला म्हणाल्यात.”

“ठरलंय हो, कापा,” भावजी म्हणाले.

“थांबा,” ताई म्हणाल्या. “आधी दिवा लावून दाखवा.”

भावजींनी पुढे होऊन वायर बॅटरीला लावली, बटण दाबलं आणि, मित्रांनो, दिवा लागला. लख्ख लागला. मी आडवी झाल्याबरोबर ताणलेली टेप आखडली होती आणि आतली टोकं पुन्हा एकमेकांना येऊन भिडली होती.

भावजींनी हात पसरले. “बघा! मी काय म्हणत होतो? माझ्या कामात खोट नाही. त्या दिवशी तुम्ही बटणच नीट दाबलं नसेल. होतं असं घाईत.”

भंगारवाल्याने करवत माझ्या अंगावर टेकवली. थंड दात. मी आतल्या आत किंचाळत होते, आडवी आहे म्हणून लागतोय, अहो शहाण्यांनो, आडवी आहे म्हणून!

ताई दिव्याकडे बघत होत्या. मग त्यांनी प्लॅस्टरवाला हात छातीशी धरला आणि म्हणाल्या, “उभी करा.”

“कशाला आता? लागला की दिवा.”

“उभी करा.”

“अगं, तुझा हात असा, कोण उचलणार...”

“तुम्ही उचलणार. दादा उचलेल. हे भंगारवालेही हात लावतील. बारके, तू वर गॅलरीत जा, तिथून शेंडा दिसेल. काय दिसतं ते मोठ्याने सांग.”

अंगणात सावली होती. बारकी जिना चढून गॅलरीत गेली. तिघांनी मला होडीवर चढवून माझा पाय खोबणीत बसवला आणि हळूहळू उचलायला लागले. भंगारवाला कुरकुरत होता, पण त्याला आता मजा यायला लागली होती.

“लागलाय,” बारकी वरून म्हणाली. मी आणखी वर गेले. “लागलाय. लागलाय अजून. लागल... गेला!”

भावजी म्हणाले, “उन्हामुळे दिसत नसेल.”

“कुठलं ऊन, काका?”

“खाली घ्या,” ताई म्हणाल्या.

मला खाली घेतलं. “आला!” बारकी ओरडली.

“वर.”

“गेला!”

“खाली.”

“आला!”

भंगारवाला म्हणाला, “अरेच्चा, ही तर फ्रिजच्या दारासारखी झाली.” आणि करवत काखेत मारून बघत उभा राहिला. फ्रिजवाल्या बाईसाहेबांना तो विसरला होता.

मग बारकी कात्री घेऊन आली आणि माझ्या शेंड्याचं झाकण काढून तिने तो सुजलेला अंगठा बाहेर ओढला. टेपचे थर निघत गेले, निघत गेले. आत दोन पिळलेली टोकं, हिरवी पडलेली. शेजारी अँटेनाची एकटी तार, जाळीशिवाय. बारकीने नुसत्या दोन बोटांनी ओढलं आणि सगळं सुटून आलं.

भावजी जमिनीकडे बघत होते. मला वाटलं आता ताई त्यांच्यावर तुटून पडणार. पण त्या वळल्या त्या भावाकडे.

“दादा, तुला शंका आली होती ना?”

चष्मेवाल्यांचा हात चष्म्याकडे गेला.

“चष्मा राहू दे. आली होती का?”

“आली होती.”

“मग?”

“भावजींना वाईट वाटलं असतं गं.”

“आणि मी मेले असते तर त्यांना बरं वाटलं असतं?”

भंगारवाला हळूच म्हणाला, “मी येतो मग,” आणि करवत घेऊन गेला.

त्यानंतर चष्मेवाल्यांनी दुकान बंद ठेवलं आणि मला घेऊन बसले. चष्म्याचे इवले स्क्रू फिरवणारे हात ते, डोळ्याला भिंग लावून त्यांनी दोन्ही वायरी नव्या घातल्या. मध्ये जोडच नाही, शेंड्यापासून पायापर्यंत सलग. जाळी जागच्या जागी. बारकीने सोबतीला दोरी बांधली आणि फास खिळ्याला अडकवला. पायाशी नवा प्लग आला. त्या प्लगाला लाल फीत बांधली आणि फितीचं दुसरं टोक मला उभी धरणाऱ्या खिळ्याला. म्हणजे प्लग काढल्याशिवाय खिळा निघत नाही आणि खिळा काढल्याशिवाय मी खाली येत नाही. गप्पा मारता मारतासुद्धा नाही.

मग मला पाण्यावर नेऊन उभं केलं. ताईंनी रेडिओ घेतला आणि विचारलं, “छोटी शिडाची होडी बोलतेय. ऐकू येतंय का? दिवा दिसतोय का?” आणि थांबल्या. खूप वेळ काहीच नाही. चष्मेवाले म्हणाले, “निघू या का, उशीर होतोय...” ताईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मग तोच आवाज आला, खडीच्या बार्जवरच्या सारंगाचा. “ऐकू येतंय. दिवाही दिसतोय. त्या दिवशीच्या तुम्हीच का? हात कसा आहे?”

भावजी सुधारले का, असं तुम्ही विचाराल. पुढच्या सुट्टीला ते आले, प्लगाकडे बघून म्हणाले, “छान झालंय. मी असंच करणार होतो.” आणि होडीसाठी भेट म्हणून काळ्या टेपचं नवं कोरं रीळ देऊन गेले. ताईंनी ते हसून घेतलं आणि अंगणाचं दार वाऱ्याने आपटतं, त्याखाली सारलं. तिथे ते उत्तम काम करतं.

मित्रांनो, मला पुसा, जपा, उन्हापावसात टाकू नका, हे तर आहेच. पण माझी खरी मागणी वेगळी आहे. जी वस्तू उभी राहून तुमचा जीव राखते, तिची परीक्षा ती निजलेली असताना घेऊ नका. आणि कोणाला वाईट वाटेल म्हणून हातातली कात्री खाली ठेवायचा मोह झाला, तर आधी होडीत कोण बसणार आहे ते बघा. मग ठरवा कोणाला वाईट वाटू द्यायचं ते.